भाचा नुसता बसलेला असतो

बसून काम करणाऱ्या माणसावर आमच्या लोणखेड्यात कुणाचाही विश्वास नाही. हे मी अनुभवाने सांगतो. गेली वीसेक वर्षं मी बँकेत बसून काम करतो आहे, पण गावातल्या एकाही माणसाने आजवर मला "दमलास का रे?" असं विचारलेलं नाही. शेतकरी दमतो, हमाल दमतो, साखर कारखान्याच्या काट्यावर उसाची गाडी घेऊन रात्रभर ताटकळणारा गाडीवान तर दमतोच, त्याचे बैलही दमतात. कारकून मात्र पंख्याखाली बसतो, आणि पंख्याखाली बसलेला माणूस दमू शकत नाही, असा इकडचा सिद्धान्त आहे. वीज गेल्यावर पंखा बंद पडतो, सिद्धान्त चालूच राहतो.

माझं एक वेळ जाऊ द्या. मला आता सवय झाली. पण हाच सिद्धान्त माझ्या भाच्याच्या नोकरीवर उठला, तेव्हा मात्र मला लेखणी उचलावी लागली.

भाचा पुण्याला हिंजवडीत प्रोग्रॅमर आहे. २०२० च्या टाळेबंदीत तो लॅपटॉप काखोटीला मारून घरी आला, पुढे कंपनीने बोलावलं तेव्हा परत गेला, आणि आता महिन्यातले पंधरा दिवस तिकडे नि पंधरा दिवस इकडे असा त्याचा संसार चालतो. इकडच्या पंधरा दिवसांत तो माडीवरच्या खोलीत बसतो. दाजी, म्हणजे त्याचे वडील आणि माझ्या ताईचे यजमान, पहाटे पाचला उठून शेतात जातात. केळी, पपई, कापूस. दुपारी जेवायला येतात तेव्हा माडीवर डोकावतात, तर मुलगा खुर्चीत मागे रेलून पडद्याकडे बघतो आहे. संध्याकाळी पुन्हा डोकावतात, तर तो त्याच पडद्याकडे बघतो आहे. फरक एवढाच की सकाळी उजवा पाय डाव्या पायावर होता, आता डावा उजव्यावर.

"हाऊ पोऱ्या दिनभर काय करस?" दाजींनी एकदा मला अहिराणीत जाब विचारला. एरवी ते माझ्याशी बँकेतला माणूस म्हणून शुद्ध बोलतात. अहिराणीवर आले की समजावं, मामला घरचा आणि गंभीर आहे. "खुर्चीवर बसस, पडदाकडे देखस, अन् महिनाना शेवटले पगार लेस!"

गंमत अशी, की नेमकं हेच म्हणणं त्याच्या कंपनीचंही होतं. फक्त ते अहिराणीत नव्हतं. दाजी निदान दिवसातून दोनदा तरी जिना चढून येत. कंपनीने त्यासाठी भाच्याच्या लॅपटॉपमध्येच एक हेर बसवून ठेवला होता. भाच्याने किती कळा दाबल्या, माऊस किती हलवला, किती ओळी लिहिल्या, याची हा हेर टिपणं ठेवतो. पाच मिनिटं हात हलला नाही, की भाच्याच्या नावापुढचा हिरवा ठिपका पिवळा होतो आणि तेवढा वेळ 'निष्क्रिय' खात्यावर पडतो. महिनाअखेरीस त्याचा तक्ता वरच्या साहेबांकडे जातो. भाच्याच्या तक्त्यावर शेरा आला होता: 'क्रियाशीलता कमी'. आणखी दोन महिने असाच शेरा आला, की त्याचं नाव 'सुधारणा योजने'त जाणार होतं. या योजनेतून सुधारून परत आलेला माणूस भाच्याने अजून पाहिलेला नाही.

त्याच्याच गटातल्या एका चतुर मुलाने म्हणे माऊस टेबल फॅनच्या जाळीला बांधला होता. पंखा मान फिरवी, माऊस हाले, ठिपका हिरवा राही. त्याला शेरा मिळाला 'उत्तम'. आता यात उत्तम काम त्या मुलाने केलं की पंख्याने, हा प्रश्न साहेबांना पडला नाही. पंख्याखाली बसलेला माणूस काम करत नाही, असं आमचं गाव समजतं. इथे तर पंखाच काम करतो, अशी कंपनीची खात्री झाली होती!

मी बी.कॉम. आहे. मला मोजण्याचं वावडं नाही. उलट मोजल्याशिवाय मला जेवणही जात नाही, असं घरचे म्हणतात. माझं भांडण मोजण्याशी नाहीच. न बघता मोजण्याशी आहे. एखाद्याचं काम काय असतं हे एकदाही शेजारी बसून न पाहता त्याचा हिशेब मांडायचा, ही गोष्ट वाणिज्य शाखेच्या कुठल्याही पुस्तकात बसत नाही. मालच पाहिला नाही तर साठ्याची नोंद कशी करणार?

तेव्हा मी ठरवलं, आपण पाहायचं. माझ्या तीन किरकोळ रजा शिल्लक होत्या. बुधवार, गुरुवार, शुक्रवार अशा टाकल्या, लाल पुठ्ठ्याची एक वही घेतली आणि भाच्याच्या पाठीमागे पलंगावर ठाण मांडलं. पहिल्या तासात मला एक अडचण लक्षात आली. मामा मागे बसलेत म्हणून भाचा विनाकारण कळा बडवत होता. अमेरिकेत शिकागोजवळ हॉथॉर्नच्या कारखान्यात १९२४ पासून काही वर्षं कामगारांचे असे प्रयोग झाले, त्यातून लोकांनी हाच धडा घेतला की आपल्याकडे कुणी बघतंय म्हटलं की माणूस निराळा वागतो. आमच्याकडे त्यावर उपाय सोपा होता. मी डोळे मिटून हळूच घोरू लागलो. दहा मिनिटांत भाचा मूळ स्वभावावर आला. बुधवारच्या कीर्दीतला हा उतारा पाहा.

९.४० पडद्याकडे बघतो आहे.
१०.०५ अजून बघतो आहे.
१०.१० "अच्छा!" म्हणाला. कुणाला ते कळलं नाही.
१०.२० डोळे मिटले. झोप की काय? चौकशी केली. झोप नव्हे.
१०.४५ पुण्याच्या एका मुलीला फोन. हे २०१९ साली असं का लिहिलं? उत्तर: ज्याने लिहिलं त्याने नोकरी सोडली.
११.३० सात ओळी लिहिल्या.
११.५० सातही ओळी खोडल्या. चेहऱ्यावर समाधान.

शेवटची नोंद करताना माझा हात थबकला. लिहिलेलं खोडून समाधान पावणारा माणूस मी बँकेत पाहिलेला नाही. तिथे खोडलं की बाजूला सही करावी लागते.

तीन दिवसांचे चोवीस तास भरले. शुक्रवारी रात्री मी खतावणी मांडली. दुसऱ्यांनी लिहून ठेवलेलं वाचणं आणि समजून घेणं: १२ तास ४० मिनिटं. विचारणं आणि शोधणं: ४ तास ५० मिनिटं. बैठका: ३ तास ३० मिनिटं. स्वतः लिहिणं: २ तास १० मिनिटं. डोळे मिटून बसणं: ४५ मिनिटं. बेरीज आली २३ तास ५५ मिनिटं. पाच मिनिटांची तफावत! ही पाच मिनिटं मी दोन रात्री शोधली. घोरण्याचं सोंग करता करता बुधवारी मला खरंच डुलकी लागली होती.

आता कुणी म्हणेल, तुमचा भाचा पडला मंद, म्हणून त्याला निम्म्याहून जास्त वेळ वाचायला लागतो. मलाही तीच शंका आली. पण भाच्याने मला काही छापील कागद आणून दिले. त्यावरून कळलं, की हा उद्योग करणारा मी काही पहिलाच रिकामटेकडा नव्हे. जगात मोठमोठ्या माणसांनी हेच केलेलं आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ७८ धंदेवाईक प्रोग्रॅमरांचे ३,१४८ कामाचे तास तपासले, तेव्हा सुमारे ५८ टक्के वेळ नुसता असलेलं समजून घेण्यात जातो असं निघालं. माझ्या भाच्याचा आकडा ५३ च्या आसपास. म्हणजे मंद तर नाहीच, पोरगा पाच टक्के पुढे आहे! अर्थात तीन दिवस आणि एक भाचा यावर टक्केवारी काढू नये हे मला कळतं, पण मामाला एवढी सूट असावी.

त्याआधी २००७ साली को, डिलाइन आणि व्हेनोलिया या तिघांनी मायक्रोसॉफ्टमधल्या सतरा प्रोग्रॅमरांच्या शेजारी प्रत्येकी सुमारे दीड तास बसून, ते कशाच्या शोधात असतात ते टिपून घेतलं. काय निघालं? ही माणसं सारखी शेजारच्या माणसाला विचारत असतात. आणि काम अडतं ते बहुधा 'हे असं का लिहिलंय' या प्रश्नावर, कारण ज्याला ते माहीत असतं तो नेमका जागेवर नसतो. माझ्या कीर्दीतली पावणेअकराची नोंद पुन्हा वाचा. मायक्रोसॉफ्ट असो की लोणखेड्याची माडी, ज्याने लिहिलं त्याने नोकरी सोडलेलीच असते.

त्याच्याही आधी, १९८८ साली, कर्टिस, क्रॅस्नर आणि इस्को यांनी सतरा मोठ्या प्रकल्पांतल्या लोकांना भेटून पाहिलं. (सतराचा आकडा या संशोधकांना लाभत असावा.) त्यांना तीन दुखणी सापडली: ज्या धंद्यासाठी प्रोग्रॅम लिहायचा त्या धंद्याचं ज्ञान फार थोड्यांपाशी असतं, गिऱ्हाइकाच्या मागण्या रोज बदलतात, आणि माणसं एकमेकांशी नीट बोलत नाहीत. यातलं एकही दुखणं कळा जोरात बडवून बरं होणारं नाही.

पण मला सगळ्यात आवडली ती जेराल्ड वाइनबर्ग यांनी १९७१ च्या आपल्या पुस्तकात सांगितलेली हकीकत. एका विद्यापीठाच्या संगणक केंद्रात सल्ला देणाऱ्यांच्या टेबलाजवळच खाण्यापिण्याची यंत्रं होती. मुलं तिथे जमून गोंगाट करत. कुणीतरी तक्रार केली, साहेबांनी यंत्रं हलवली. शांतता झाली. पण थोड्याच दिवसांत दुसरी तक्रार आली: सल्ल्यासाठी रांग लागते, माणसं वाढवा! चौकशीअंती कळलं, की त्या यंत्रांपाशी घुटमळताना मुलं एकमेकांच्याच अडचणी सोडवून टाकत होती. गोंगाट म्हणून जो हलवला, तोच खरा सल्ला होता.

ही हकीकत मी वाचली ती नंतर. तिचा प्रत्यय आधी आला, तोही गोमाईच्या काठी.

त्याचं असं झालं. भाचा त्या आठवड्यात एका कर्जवसुलीच्या प्रोग्रॅममधली चूक शोधत होता. काही कर्जदारांना हप्ता वेळेवर भरूनही उशिराचा दंड लागत होता. काहींनाच, सगळ्यांना नाही. का, ते कळेना. ज्यांना दंड लागला त्यात बायका होत्या, पुरुष होते, मोठी कर्जं होती, लहान होती. गुरुवारी संध्याकाळी तो इतका वैतागला, की मी त्याला पुलाजवळच्या टपरीवर चहाला नेलं. आता रडक्या माणसाला हसवायचं म्हणजे आपली फजिती सांगावी, हा माझा नेम. मी त्याला तळोद्याच्या घरमालकाची गोष्ट सांगितली.

"अरे, भाडं महिनाअखेरीस द्यायचं ठरलं होतं. जानेवारीत दिलं एकतीसला. फेब्रुवारीत अठ्ठावीसला दिलं, कारण फेब्रुवारी तिथेच संपतो. तर मार्चमध्ये हे गृहस्थ अठ्ठावीसलाच दारात! म्हणे, मागच्या वेळी अठ्ठावीसला दिलंत, महिना झाला. मी एकतीसला दिलं, तर तीन दिवस उशीर म्हणून दहा रुपये दंड मागतो! आणि पुढे वर्षभर त्याचा महिना अठ्ठावीसलाच..."

भाच्याचा ग्लास हवेतच थांबला. "मामा," तो म्हणाला, "ज्यांना दंड लागला त्यांची पहिली तारीख एकोणतीस, तीस, एकतीस असणार!"

"बरं मग?" मी म्हटलं.

उत्तर द्यायला तो तिथे नव्हता. अर्धा चहा टाकून घराकडे पळत सुटला होता. चहाचे पैसे मी दिले, दोन्ही ग्लासांचे.

झालं होतं ते तळोद्यासारखंच. तो प्रोग्रॅम पुढच्या हप्त्याची तारीख मागच्या हप्त्यावरून मोजत होता. फेब्रुवारीत एकदा अठ्ठावीसवर घसरला, की पुन्हा एकतीसवर चढतच नव्हता. मोजायचं होतं मूळ तारखेवरून. भाच्याने शुक्रवारी चाळीस ओळी काढून टाकल्या आणि त्यांच्या जागी एक लिहिली. कुठे कुठे बसलेली कोण कोण माणसं, प्रामाणिकपणे एकतीस तारखेला हप्ता भरत होती आणि वर दंडही भरत होती, त्यांचा दंड त्या एका ओळीने थांबला.

आणि हेराने काय लिहिलं? गुरुवार संध्याकाळ: बेचाळीस मिनिटं निष्क्रिय. शुक्रवार: ओळी, उणे एकोणचाळीस!

या उणे आकड्यालाही मोठी परंपरा आहे. १९८२ साली ॲपल कंपनीत लिसा नावाच्या यंत्रावर काम चालू होतं, तेव्हा साहेब लोकांनी प्रत्येकाकडून दर आठवड्याला किती ओळी लिहिल्या त्याचा फॉर्म भरून घ्यायला सुरुवात केली. बिल ॲटकिन्सन या नामांकित प्रोग्रॅमरने त्याच सुमारास एक भाग नव्याने लिहून तो पुष्कळ वेगवान केला होता, आणि त्यात दोन हजार ओळी कमी झाल्या होत्या. त्याने फॉर्मवर लिहून दिलं: उणे २०००. काही आठवड्यांनी त्याच्याकडे फॉर्म मागणं बंद झालं, असं त्याचे सहकारी सांगतात. त्या साहेबांना निदान शरम होती.

आम्हा बँकवाल्यांना हे कळायला अमेरिकेत जावं लागत नाही. २००४ साली मी लागलो तेव्हा आमच्या खेड्यातल्या शाखेत लेजर हातानेच लिहिलं जाई. ताळा जमला नाही की सगळी शाखा रात्री दहापर्यंत बसे. तफावत असे सत्तावीस रुपयांची. आमचे जुने हेडकॅशियर म्हणत, "नवाने भाग जातो का बघ." जात असेल, तर बहुधा कुणीतरी ५८ चे ८५ लिहिलेले असत. मग उलटसुलट झालेले आकडे हुडकायचे. चार माणसं, चार तास, आणि शेवटी काम किती? दोन आकड्यांची अदलाबदल! त्या रात्रीचं आमचं काम कुणी 'दोन आकडे लिहिले' असं मोजलं असतं, तर हेडकॅशियरांनी त्याच्या डोक्यात लेजर घातलं असतं. आणि त्या काळची लेजरं जड होती.

कुणी म्हणेल, मग प्रोग्रॅमरालाच विचारा ना, तुझं काम किती झालं ते. मी म्हणतो, तेही पुरणार नाही. २०२५ साली मेटर नावाच्या अमेरिकी संस्थेने सोळा मुरलेले प्रोग्रॅमर घेतले आणि त्यांच्या २४६ कामांपैकी काहींत यंत्रबुद्धीची मदत घेऊ दिली, काहींत घेऊ दिली नाही. काम संपल्यावर मंडळी सांगत होती, मदतीने आपण वीस टक्के लवकर आटोपलं. घड्याळ म्हणालं, एकोणीस टक्के उशीर लागला! तेव्हा ना हेराचं खरं, ना ज्याचं त्याचं. शेजारी बसून, घड्याळ लावून, काय चाललंय ते समजून घेऊनच पाहावं लागतं. त्याला वेळ लागतो, आणि तोच वेळ द्यायची कुणाची तयारी नसते.

तयारी असते ती तास वाढवण्याची. २०२३ साली नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला सत्तर तासांचा सल्ला दिला. २०२५ च्या जानेवारीत एल अँड टीच्या अध्यक्षांच्या बोलण्यातला नव्वदाचा आकडा गाजला. थोर माणसं आहेत, मी साधा कारकून. मला एवढंच विचारायचं आहे, की त्या सत्तर-नव्वदांत चहाची ती बेचाळीस मिनिटं कुठल्या रकान्यात धरायची?

आमच्या शहादा तालुक्याला कुणी मागास म्हणू नये. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० ला याच तालुक्यातल्या टेंभलीत दिला गेला. आणि याच तालुक्यात सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो. तिथला गिऱ्हाईक घोड्याचे दात मोजतो, वय कळावं म्हणून. पण पैसे मोजण्याआधी त्याला चालवून बघतो. खूर किती वेळा आपटला हे मोजून घोडा विकत घेणारा माणूस मी तिथे पाहिलेला नाही.

हे सगळं मी दाजींना एका दमात ऐकवलं, त्यांच्याच शेतात, पपईच्या बागेत. ते एका झाडापाशी उभे होते. शेंड्याची पानं जरा आकसल्यासारखी दिसत होती. दाजी त्या पानांकडे बघत होते. मी मायक्रोसॉफ्ट संपवलं, ॲपल संपवलं, सारंगखेडा संपवलं, तरी ते बघतच होते. व्हायरस असेल तर झाड आजच उपटावं लागणार, नाहीतर बाग जाणार. नसेल तर उपटलेलं झाड फुकट जाणार. अर्धा तास माणसाने हात हलवला नाही.

"दाजी," मी म्हटलं, "तुमचा ठिपका पिवळा झाला."

ते काही बोलले नाहीत. झाड त्यांनी ठेवलं.

पुढच्या महिन्यात भाच्याच्या तक्त्यावर शेरा आला, 'क्रियाशीलता कमी'. म्हणजे आता एकच महिना उरला. टेबल फॅन मी घरून नेऊन देऊ केला, पण भाचा म्हणाला, "नको मामा, पंख्याला बढती मिळायची." माझ्या वहीच्या पानांचे फोटो मात्र त्याने साहेबांना पाठवले आहेत. उत्तर अजून आलेलं नाही. साहेब बहुधा त्यातली पाच मिनिटांची तफावत शोधत असावेत.

परवा दुपारी मी ताईकडे गेलो, तर दाजी जिन्यात उभे. माडीचं दार अर्धवट उघडं, आत भाचा खुर्चीत रेलून पडद्याकडे बघतोय, आणि बाहेरून दाजी भाच्याकडे बघताहेत. पपईच्या झाडाकडे बघावं तसे. बराच वेळ झाला. मग ते पाय न वाजवता खाली आले आणि ताईला म्हणाले,

"चहा दे त्याले. तो काम करी ऱ्हायना."

मीही तिथेच पंख्याखाली बसलेलो होतो. मला कुणी चहा विचारला नाही.